पोटगी ते विश्वस्तनिधी

दिव्यांग अपत्यासाठी ठेवलेली मालमत्ता विश्वासू व्यक्तीच्या वा संस्थेच्या ताब्यात द्यायची आणि तिचे उत्पन्न मात्र त्या अपत्याच्या निर्वाहावरच खर्च व्हावे असे दस्तात लिहून ठेवायचे, या व्यवस्थेला खासगी विश्वस्तनिधी म्हणतात. मालकी एकाची आणि लाभ दुसऱ्याचा ही कल्पना मध्ययुगीन इंग्लंडमध्ये रुजली व १८८२च्या भारतीय विश्वस्त कायद्याने येथे संहिताबद्ध झाली. परंतु दिव्यांगांच्या बाबतीत तिची निकड भासण्याआधी वारसा कायदा बदलावा लागला. याज्ञवल्क्यस्मृतीने आंधळा, वेडा इत्यादींना वाटणीतून वगळून त्यांच्याकडे केवळ भरणपोषणाचा, म्हणजे पोटगीचा, हक्क ठेवला होता. १९२८च्या कायद्याने जन्मजात वेड वा मतिमंदत्व वगळता ही अपात्रता दूर केली आणि १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ने उरलेलीही काढून टाकली. हिस्सा मिळाला, तेव्हा तो सांभाळायचा कोणी, हा प्रश्न उभा राहिला.

चंद्रपूर जिल्ह्यात निर्वाहाच्या प्रश्नाला पहिले मोठे उत्तर सार्वजनिक स्वरूपाचे मिळाले. बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या वरोऱ्याजवळील आनंदवनात कुष्ठरुग्णांबरोबर अंध व मूकबधिर मुलांचीही सोय झाली. मात्र अशा संस्थेचा लाभार्थी समूह असतो, तर खासगी निधीचा लाभार्थी नावानिशी ठरलेला असतो. पुढे १९६१च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडीने अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी विमा योजनेत भरलेल्या रकमेवर वजावट देताना, पालकाच्या मृत्यूनंतर योजनेतून मिळणारी रक्कम त्या दिव्यांगाच्या वतीने स्वीकारण्यास विश्वस्तनिधीलाही नामनिर्देशित करण्याची मुभा दिली.

गडचिरोलीत आदिवासी कुटुंबांसाठी मात्र विश्वस्तनिधीची ही वाट जमिनीपाशी अडते. १९५६चा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे तेथे वारसा रूढीने ठरतो. २००६च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाकडे जातो, पण हस्तांतरित होत नाही, आणि विश्वस्त कायद्याला तर हस्तांतरणीय मालमत्ताच लागते. आदिवासीच्या इतर जमिनीचे बिगर-आदिवासीकडे, म्हणजे तशा विश्वस्ताकडेही, हस्तांतरण करण्यास महसूल संहितेचे निर्बंध आहेत.

ही उणीव काही अंशी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने भरून निघते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हास्तरीय समिती कायदेशीर पालक नेमते. त्या पालकाला नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व पुढे दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. म्हणून या भागातील आदिवासी कुटुंबाच्या नियोजनाचे दोन भाग पडतात: रोख रक्कम व विमा निधीत, आणि पट्टा मात्र हिशेब देण्यास बांधलेल्या पालकाच्या देखरेखीखाली.