दृष्टांत, दार्ष्टांतिक आणि दूरस्थ शिक्षण

संगणकाच्या द्वारे दिल्या जाणाऱ्या शिक्षणात कथांचा उपयोग वाढत आहे. कथा मनोरंजक असली म्हणजे बोध आपोआप होतो, असे त्यामागे बहुधा गृहीत धरले जाते. मराठी गद्याच्या आरंभकाळातील ‘दृष्टांतपाठ’ या गृहीतास छेद देतो.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात केसोबासांनी सिद्ध केलेल्या या महानुभावीय ग्रंथात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची अंगे तीन: सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक. पैकी सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे असून दार्ष्टांतिक केसोबासांचे आहे. हत्तीला चाचपून एकेका अवयवालाच हत्ती समजणाऱ्या जन्मांधांची कथा घ्यावी. सिद्धांत सूत्रात येतो, अनुभव कथेत येतो. परंतु ईश्वरस्वरूपाच्या आंशिक ज्ञानाला पूर्ण ज्ञान मानणाऱ्यास ती कशी लागू पडते, हे दार्ष्टांतिकच सांगते.

हे तिसरे अंग का आवश्यक झाले? चक्रधर समोर असताना श्रोत्याची शंका तेथल्या तेथे फिटत असे. त्यांच्या पश्चात तो आधार उरला नाही. गुरूच्या अनुपस्थितीत जे काम संवादाने होऊ शकत नव्हते, ते ग्रंथाच्या रचनेकडे आले. भाषेची निवडही याच विचाराची द्योतक होय. केसोबास संस्कृतात उत्तम रचना करीत. तथापि संस्कृतामुळे वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, असे ‘स्मृतिस्थळा’वरून दिसते.

आधुनिक मानसशास्त्राचा निष्कर्ष येथे लक्षणीय आहे. मेरी गिक व कीथ होलिओक यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांना एक कथा दिली: सेनापती सैन्याच्या तुकड्या करून त्या निरनिराळ्या वाटांनी एकाच वेळी किल्ल्यावर धाडतो. त्यानंतर, निरोगी भागास इजा न करता किरणांनी गाठ कशी नष्ट करावी, हा वैद्यकीय प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. कथा वाचूनही थोड्यांनाच तिचा उपयोग आपण होऊन सुचला. कथेचे साह्य घ्या, असे सांगताच बहुतेकांना उत्तर साधले.

या प्रयोगातील सूचना आणि केसोबासांचे दार्ष्टांतिक यांचे कार्य सजातीय आहे, असे म्हणावयास हरकत नाही. वर्गात शिक्षक हे कार्य बोलून उरकतो. एकट्याने पडद्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याची स्थिती मात्र चक्रधरांच्या पश्चात उरलेल्या अनुयायांसारखी असते. म्हणून दूरस्थ पाठ्यक्रमाची सिद्धता करणाऱ्यांनी कथेच्या निवडीइतकेच दार्ष्टांतिकाच्या रचनेकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.