संगणकाची परवल व तिचा विसर

लष्करी छावणीच्या वेशीवरील पहारेकरी रात्रीं येणाराला परवलीचा शब्द विचारतो. शब्द आठवला नाहीं तर येणारा अडतो खरा. परंतु एकादा ओळखीचा हवालदार पुढें होऊन "हा आपलाच माणूस" अशी ग्वाही देतो, आणि त्याची सुटका होते. संगणकाच्या दारावरील पहारेकऱ्याला मात्र चेहरा ओळखतां येत नाहीं. शब्द चुकला कीं मालक आणि चोर त्याला सारखेच. तेव्हां शब्द विसरलेल्या मालकाची ग्वाही कोणीं द्यावयाची, हा या कुलपाच्या इतिहासांतील खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर काळानुसार बदलत गेलें आहे.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं एकच यंत्र अनेकांनीं वांटून वापरण्याची पद्धति दाखविली. एकाचें काम दुसऱ्याच्या हातीं पडूं नये म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यांत आला. पुढच्याच वर्षीं ॲलन शेर नांवाच्या संशोधक विद्यार्थ्यानें, आपल्याला मिळणारा यंत्राचा वेळ अपुरा पडतो म्हणून, सर्वांच्या शब्दांची यादीच छापून घेतली! परंतु तेथें शब्द विसरणाराची फारशी अडचण नव्हती. यंत्राची व्यवस्था पाहणारीं माणसें जवळच होतीं. ग्वाही माणसाची होती.

संगणक टेबलावर आला तेव्हां हा व्यवस्थापक नाहींसा झाला. आय. बी. एम. कंपनीनें १९८४ सालीं काढलेल्या ए. टी. या यंत्राच्या दर्शनीं बाजूस चक्क धातूच्या किल्लीचें कुलूप होतें. त्याच यंत्रांत घड्याळ व कांहीं नोंदी संभाळणारी एक लहानशी स्मृति होती. वीज बंद झाल्यावरहि ती बॅटरीवर जागी राही. १९८७ सालच्या पी. एस./२ या मालिकेंत यंत्र सुरू होतांच परवलीचा शब्द विचारण्याची सोय झाली, आणि तो शब्द अशाच बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतींत ठेवलेला असे.

या रचनेंतच सुटकेचा मार्ग होता. बॅटरी काढून कांहीं वेळ थांबलें कीं स्मृति पुसली जाई आणि पहारेकरीहि आपला शब्द विसरे. पुढें अनेक मदरबोर्डांवर याच कामासाठीं जंपर नांवाची चिमुकली टोपी बसविण्यांत येऊं लागली. ती एका जागेवरून दुसऱ्या जागीं सरकविली कीं काम होई. ज्याच्या हातीं पेटी आणि पेचकस तो मालक, असा हा न्याय होता. १९९० नंतरच्या दशकांत तर कांहीं कंपन्यांच्या बायोसमध्यें सर्व यंत्रांना चालणारा एकच गुप्त शब्द असे. असें गुपित फार दिवस टिकत नाहीं. ते शब्द लवकरच सर्वतोमुखीं झाले.

जो मार्ग मालकाला मोकळा तोच चोरालाहि मोकळा. बगलेंत मारून नेतां येण्याजोगे लॅपटॉप आल्यावर ही उणीव अधिकच जाणवली. म्हणून वरिष्ठ शब्द बॅटरीवांचूनहि टिकणाऱ्या चिपमध्यें ठेवण्यांत येऊं लागला. आय. बी. एम.च्या थिंकपॅडच्या माहितीपुस्तकांत स्पष्ट बजावलेलें असे कीं, हा शब्द विसरल्यास खरेदीचा पुरावा दाखवून, पैसे भरून, मुख्य बोर्डच बदलून घ्यावा लागेल. आतां ग्वाही पेचकसाची राहिली नाहीं, पावतीची झाली.

एवढें करूनहि राखण दाराचीच होती, तिजोरीची नव्हती. साध्या यंत्रांतील डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली कीं सारें दफ्तर वाचतां येई. शेवटीं दफ्तरच सांकेतिक लिपींत ठेवण्याची प्रथा पडली. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या बिटलॉकरमध्यें अडचणीच्या वेळीं वापरावयाची ४८ अंकांची किल्ली मालकाच्या स्वाधीन केली जाते. येथें बॅटरी काढून उपयोग नाहीं, बोर्ड बदलूनहि नाहीं. शब्दहि गेला आणि ती किल्लीहि हरवली, तर यंत्र पुन्हां चालू करतां येतें. पण आंतील पत्रें, हिशेब व मुलांबाळांचीं छायाचित्रें कारागिराच्या आटोक्याबाहेर जातात.

कुलूप जसजसें बळकट झालें तसतसा मालकाच्या ग्वाहीचा भार इतरांवरून उतरून त्याच्या स्वतःवरच येऊन पडला. पूर्वीं विस्मृतीची किंमत एक बॅटरी होती, मग एक बोर्ड झाली. आतां ती सारें दफ्तर आहे. म्हणून ते ४८ अंक कागदावर उतरून घराच्या खरेदीखताशेजारीं जपून ठेवावे. यंत्राजवळ मात्र तो कागद ठेवूं नये. दाराची किल्ली दारालाच टांगून ठेवणाऱ्याचें रक्षण कोणतेंच कुलूप करूं शकत नाहीं.