सिकलसेल आजार: तपासणी आणि औषध तुमच्यापर्यंत कसे पोहोचते?

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर किंवा साक्री तालुक्यात राहत असाल, तर आश्रमशाळेत किंवा पाड्यावरच्या शिबिरात तुमच्या मुलाचे रक्त सिकलसेलसाठी तपासले गेले असेल. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकून काही घरे घाबरून जातात, तर काही जण ‘मूल तर खेळतंय’ म्हणून कागद ठेवून देतात. दोन्हीमुळे नुकसान होते. या निकालाचा अर्थ काय आणि पुढे काय करायचे, ते पाहू.

सिकलसेल म्हणजे काय?

हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. तो संसर्गाने पसरत नाही. यात लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात, हाडे व सांधे असह्य दुखतात आणि वारंवार जंतुसंसर्ग होतो.

दोष एकाच पालकाकडून आला, तर ती व्यक्ती ‘वाहक’ (एएस) असते. वाहकाला सहसा त्रास होत नाही आणि औषधही लागत नाही. दोघांकडून आला, तर व्यक्ती ‘रुग्ण’ (एसएस) असते. पतीपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

पहिल्या तपासणीवर थांबू नका

शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी चाचणी होते. ती स्वस्त आणि झटपट आहे, पण वाहक व रुग्ण यांतला फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळात सोल्युबिलिटी चाचणी विश्वासार्ह नसते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल, तर तेही आधी सांगा.

ही सोय इथवर कोणी आणली?

मोठ्या शहरातली चाचणी पाड्यापर्यंत आपोआप येत नाही. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यातील आदिवासी भागांत जाऊन सिकलसेलवर दीर्घकाळ काम केले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेतील संशोधकांनी बोटाच्या एका थेंबावर होणारे कार्डासारखे किट अचूक आहेत का, हे तपासले. अशा किटला वीज किंवा मोठे यंत्र लागत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत.

औषध आहे, पण ते रोज घ्यावे लागते

हायड्रॉक्सियुरिया या औषधामुळे वेदनेचे झटके कमी येतात आणि रक्त चढवण्याची गरज घटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. काही कर्करोगांतही ते वापरतात, म्हणून पाकिटावर तसे लिहिलेले दिसले तर घाबरू नका.

रक्तपेशी वारंवार मोजणे दुर्गम भागात अवघड असते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी मुलांना कमी, ठरावीक मात्रा देऊनही चांगला उपयोग होतो, हे दाखवले. आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या अभ्यासातही तिथल्या मुलांसाठी हे औषध उपयुक्त व सुरक्षित ठरले.

अडचण अशी की कॅप्सूल बहुधा ५०० मिलिग्रॅमची, म्हणजे मोठ्यांच्या मापाची असते. ती घरी उघडून अंदाजाने भाग करू नका. वजनानुसार मात्रा डॉक्टरच ठरवतील. सांगितलेल्या तारखेला रक्त तपासून घ्या. मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर पती किंवा पत्नी कोणीही औषध घेत असो, डॉक्टरांना आधी सांगा.

फॉलिक ॲसिडची गोळी सहसा दिली जाते. लोहाची गोळी मात्र स्वतःहून सुरू करू नका.

तुम्ही काय करायचे?

- प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा: ‘पक्की चाचणी झाली का? एएस की एसएस?’ लेखी अहवाल आणि कार्ड घ्या.
- नमुना पुढे पाठवला असेल, तर कुठे पाठवला आणि निकाल कधी मिळेल, ते लिहून घ्या. आशाताईंकडे पाठपुरावा करा.
- एक मूल रुग्ण निघाले, तर भावंडांची व आईवडिलांचीही तपासणी करा.
- ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेरगावी जाण्याआधी पुरेशा गोळ्या मागून घ्या. कार्ड सोबत ठेवा.
- केंद्रात गोळ्या संपल्या असतील, तर रिकाम्या हाताने परतू नका. पुन्हा कधी येतील आणि तोवर कुठे मिळतील, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा.
- लग्नाआधी दोघांनीही तपासणी करावी. दोघे वाहक असाल, तर गरोदरपण कळताच डॉक्टरांना भेटा. गर्भाची तपासणी साधारण तिसऱ्या महिन्यात करता येते.
- सिकलसेल आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि एसटी प्रवास सवलतीबद्दल रुग्णालयात चौकशी करा.

लगेच रुग्णालयात कधी जावे?

१०१ अंशांपेक्षा जास्त ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, अचानक पांढुरके पडणे, पोटाची डावी बाजू फुगणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, लिंग बराच वेळ वेदनेसह ताठ राहणे किंवा गोळीने न थांबणाऱ्या वेदना. यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि ‘सिकलसेलचा रुग्ण आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

एरवी भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, वेळेवर लसीकरण आणि रोजची गोळी एवढे सांभाळा. रुग्ण मूल शाळेत जाऊ शकते, शिकू शकते. तपासणी एकदाच होते, पण गोळी आणि पुढच्या भेटीची तारीख मात्र चुकवू नका.