तंतू आणि शब्द : मराठी व्हायोलिनवादनातील परंपरा व नवता

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत जुन्नर व आंबेगाव हे तालुके वसले आहेत. संगीताच्या अभ्यासकांस हा प्रदेश मुख्यत्वे नारायणगावामुळे परिचित आहे. यात्रांच्या हंगामासाठी तमाशाच्या सुपाऱ्या येथे ठरतात, आणि विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे नाव या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. अभिजात व्हायोलिनवादनाचा विचार या परिसरापासून आरंभणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. तथापि मराठी श्रोता तंतुवाद्याकडून कोणती अपेक्षा बाळगतो, याचा उलगडा येथेच होऊ लागतो.

ढोलकीच्या फडातील तुणतुण्यास तार एकच असते. ते गाणाऱ्यास सूर देते व लयीस साथ करते. लावणीची चाल ते वाजवीत नाही. हरिनाम सप्ताहात वीणा अहोरात्र खाली ठेवली जात नाही; वीणेकरी पाळीपाळीने ती गळ्यात घेतात. तिचा मान मोठा. पण अभंगाची चाल तीही वाजवीत नाही, केवळ आधारस्वर धरते. एक वाद्य शृंगाराचे, दुसरे भक्तीचे. दोहोंचा नियम मात्र एक. तंतूने शब्दास आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये.

अशा संस्कारांत वाढलेल्या समाजात व्हायोलिन बाहेरून आले. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात ते चर्चच्या संगीतशिक्षणातून रुजले. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांनी ते कर्नाटक संगीतात आणले. हिंदुस्थानी संगीतात त्यास स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा लाभली ती विसाव्या शतकात. भारतीय वादकाने जमिनीवर बैठक घेतली, वाद्याचे टोक पावलावर टेकविले आणि तारा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत मिळविल्या. वाद्य पेलण्याच्या भारातून डावा हात मोकळा झाला आणि मींड सुलभ झाली.

गजाननराव जोशी (१९११–१९८७) हे ग्वाल्हेर परंपरेतील गायक अनंत मनोहर जोशी यांचे पुत्र व स्वतः ख्यालगायक. त्यांच्या हाती व्हायोलिन ख्याल गाऊ लागले. दा. के. दातार (१९३२–२०१८) यांनीही गायकी अंगाचाच पाठपुरावा केला. वि. गो. जोग (१९२२–२००४) यांना अल्लाउद्दीन खाँ यांचे मार्गदर्शन लाभले होते. त्यांच्या वादनात तंतकारीचा, म्हणजे लयप्रधान वाद्यरीतीचा, अंश अधिक दिसतो. बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबर त्यांच्या जुगलबंद्या गाजल्या. वाद्याने कंठाचे अनुकरण करावे की स्वतःचे व्याकरण घडवावे, या प्रश्नाची ही दोन उत्तरे होत.

येथे भाषाशास्त्राची दृष्टी उपयोगी पडते. उच्चारातील स्वराची उंची, दीर्घता व आंदोलन व्हायोलिन जवळजवळ यथातथ्य देऊ शकते. गज फिरविण्याच्या क्षणी अक्षराचा आरंभ सुचविता येतो. व्यंजन मात्र त्यास अप्राप्य आहे. ‘क’ आणि ‘त’ यांतील भेद तार सांगू शकत नाही. तरीही वादनात शब्द ऐकू येत असल्याचा अनुभव श्रोते सांगतात. ती व्यंजने श्रोत्याच्या स्मृतीतून येतात. वादक निम्मे पद वाजवितो. उरलेले श्रोता मनात म्हणतो.

प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांच्या ‘गाणारे व्हायोलिन’ या कार्यक्रमाची लोकप्रियता या सहकार्यावर उभी होती. माडगूळकर व फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ या काळात प्रसृत झाले. त्यातील ५६ गीते असंख्य घरांत पाठ झाली. अशा गीताची चाल शब्दांवाचून वाजली, तरी श्रोत्यास अर्थ उमगतो. गीत कालचे असूनही ऐकण्याची रीत परंपरेची राहते.

याउलट गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचा प्रयत्न पाहावा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नाव मिळविलेल्या या व्हायोलिनवादकाने १९५८ साली वाद्यवृंद उभारून रागाधारित नव्या रचना सादर केल्या. रागांची बैठक जुनीच होती. परंतु वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या त्या रचनांना श्रोत्याच्या स्मृतीतील शब्दांचा आधार नव्हता. सारा अर्थ स्वररचनेलाच उभा करावा लागत होता.

तात्पर्य, व्हायोलिनच्या मैफलीत ‘पारंपरिक’ व ‘समकालीन’ हा भेद केवळ रचनेच्या सालावरून ठरत नाही. मैफलीच्या अखेरीस वाजणारे नाट्यपद किंवा अभंग श्रोत्यास आपला वाटतो, कारण त्याचे शब्द त्याच्यापाशी असतात. जुन्नर-आंबेगावच्या श्रोत्यापाशी अभंगांचा व लावण्यांचा असा साठा आहे. मात्र तो साठा क्षीण झाला, तर परंपरेची चालही त्यास केवळ स्वरावली म्हणून ऐकावी लागेल. आणि आज नव्या रचनेपुढे जी कसोटी आहे, तीच जुन्या पदापुढेही उभी राहील. म्हणून नव्या रचनांचे श्रवण ही परंपरेस बाधक गोष्ट मानण्याचे कारण नाही. शब्दाच्या आधाराविना स्वर समजून घेण्याची सवय तेथेच लागते, आणि गायकी अंगाच्या वादनातही वादकाने स्वतःचे असे काय दिले, हे त्या सवयीवाचून ओळखता येत नाही.