लोणच्याचें नांव

शब्दांचा इतिहास शोधावयाचा म्हणजे आपण पोथ्या धुंडाळतों. घरच्या फडताळांतील बरण्यांकडे सहसा कोणी वळत नाहीं. लोणचें आणि मुरंबा शेजारीं शेजारीं मुरत असतात. दोहोंत पुष्कळदां कैरीच असते. परंतु मुरंबा हा शब्द अरबी ‘मुरब्बा’. त्यांत आमच्या लोकांस आंबा ऐकूं आला व तो घरचाच झाला. लोणचें मात्र संस्कृत ‘लवण’, प्राकृत ‘लोण’ या कुळांतलें. (लोणी या कुळांतलें नव्हे, तें ‘नवनीता’चें अपत्य.)

लोणच्यालाही परका शब्द मिळत नव्हता असें नाहीं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य बुऱ्हाण निजामशहाला औषधोपचार करण्यास अहमदनगरीं, म्हणजे आजच्या अहिल्यानगरीं, जात असे. 1563 सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत तो लिहितो कीं, येथें कोंवळे बिब्बे मिठांत घालून ठेवतात, त्यास ‘अचार’ म्हणतात, व आमच्याकडे ऑलिव्ह विकतात तसे ते बाजारांत विकतात. हा फारसी शब्द उत्तरेकडील भाषांनीं उचलला. मराठीनें दरबारापासून दफ्तरापर्यंत शेंकडों फारसी शब्द घेतले, पण लोणच्याची बरणी सोडली नाहीं. स्वयंपाकघरांत दरबाराची सत्ता चालत नसे, असें आम्हांस वाटतें.

मौज अशी कीं, खुद्द ‘लोण’ आपण टाकून दिलें. ज्याला आपण मीठ म्हणतों तो शब्द ‘मिष्ट’ म्हणजे गोड, रुचकर यावरून आला! घाटावर मीठ वंजारी-लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून कोंकणांतून यावयाचें. अशा दुर्मिळ वस्तूला रुचीचेंच नांव मिळालें यांत नवल नाहीं. जुनें लोण मग लोणच्यांत राहिलें, मीठ नसलेल्या अळणी भाजींत राहिलें, आणि दृष्ट काढतांना उतरावयाच्या लिंबलोणांत राहिलें.

नांवांत जुनी कृति मुरवून ठेवणें ही खोड एकट्या मराठीची नव्हे. कोरियांत कोबीसारखी भाजी मिठांत आंबवून करतात ती किमची. ‘छिमछे’, म्हणजे बुडविलेली भाजी, या चिनी मुळाच्या जोडशब्दाचें तें झिजलेलें रूप. आज ती तांबडीभडक दिसते. पण मिरची अमेरिकेंतली, ती तेथें सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास पोंचली, आणि नांवाला तिचा पत्ताही नाहीं. आमच्या लोणच्यांतली मिरचीही अशीच मागाहून, पोर्तुगीजांबरोबर, आली.

हल्लीं दुकानांतील बाटल्यांवर ‘पिकल’ असें छापलेलें असतें, आणि पुष्कळ घरांतील मुलें पानावर बसून तेंच मागतात. निजामशाहीला जें साधलें नाहीं तें एका चिठ्ठीनें साधूं पाहिलें आहे.