वाड्याचे कूळ आणि वाड्याची कुळे

अड्याळ परिसरात, आणि एकूणच वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या बांध्यांच्या मध्ये एखादा ओसाड वाडा उभा असलेला दिसतो. छपराची कवले ढासळलेली, सागवानी चौकटी कोणीतरी काढून नेलेल्या, अंगणातल्या विहिरीत पिंपळ उगवलेला. विचारले तर 'मालगुजाराचा वाडा' एवढेच उत्तर मिळते. मालगुजार कोण, कोठून आला आणि का गेला, हे सांगणारी पिढी आता फारशी उरलेली नाही. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त घराण्यांचे इतिहास लिहिण्याचा उत्साह समाजबांधवांमध्ये दिसतो. तो स्वागतार्ह आहे. परंतु असा इतिहास नुसत्या ऐकीव गोष्टींवर लिहिला, तर पुढची पिढी त्याला कादंबरी समजेल.

ऐकीव गोष्टीचे सामर्थ्य आणि मर्यादा पाहावयाची तर वऱ्हाडातील कारंजा (लाड) येथे जावे. तेथील लेकुर संघई यांच्या कस्तुरीच्या हवेलीची कथा विदर्भातील जैन घरांत आवडीने सांगितली जाते. कस्तुरी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा संघईंनी सगळा माल विकत घेऊन हवेलीच्या चुन्यात मिसळला, अशी ती कथा. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने कारंज्यातून अमाप संपत्ती नेली, हा इतिहास आहे. म्हणजे गाव धनाढ्य होते, हे बाहेरच्या पुराव्याने ठरते. चुन्यात कस्तुरी होती, हे मात्र त्याने ठरत नाही. कथा अवश्य लिहावी, पण कथा म्हणूनच लिहावी.

भंडारा जिल्ह्यातील वाड्यांचा शोध घेताना कथेपेक्षा कागद अधिक साथ देतात. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर, १८६० च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात मालगुजारांना गावाची मालकी दिली. त्या व त्यानंतरच्या बंदोबस्तांत प्रत्येक गावाची 'मिसल' तयार झाली. तिच्यातील खेवटीत गावाच्या हिस्सेदारांची नावे आढळतात. सोळा आण्यांच्या गावात कोणाचे आठ आणे आणि कोणाचे दोन, ते तेथे लिहिलेले असते. एका बंदोबस्तात जेथे एकच नाव आहे, तेथे पुढच्या बंदोबस्तात चार नावे दिसली, तर मधल्या काळात वाटणी झाली किंवा हिस्सा विकला गेला असे समजावे. त्यासाठी मग त्या वर्षांच्या रजिस्ट्रीचे दस्त पाहावेत. वाजिब-उल-अर्ज या कागदात गावाच्या चालीरीती, जंगल-सरपणाचे निस्तार हक्क आणि तलावाच्या पाण्याची वहिवाट असते. घराण्याच्या इतिहासाशी याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण मालगुजार गावाशी कसा वागत होता, हे यातूनच कळते.

जन्म-मृत्यूच्या तारखांसाठी कोतवाल बुक आणि जुन्या शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर उपयोगी पडते. जातीच्या दाखल्यासाठी ही बाडे अनेकांनी धुंडाळली आहेत. वंशावळीसाठी फार थोड्यांनी.

वाडा ओसाड का पडला याचे उत्तर बहुधा एका तारखेपासून सुरू होते, ती म्हणजे ३१ मार्च १९५१. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्यान्वये त्या दिवशी मालगुजारी संपली. गावाची मालकी व तलाव सरकारकडे गेले, म्हणूनच माजी मालगुजारी तलावांना आज 'मामा तलाव' म्हणतात. सीर व खुदकाश्त, म्हणजे घरची वहिताची जमीन, आणि राहता वाडा मालगुजाराकडे राहिला. पण लगान वसुली बंद झाल्यावर एवढ्या मोठ्या वाड्याला काम उरले नाही. पुढे १९५८ चा विदर्भाचा कुळकायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. मुले भंडारा-नागपूरला दुकानात किंवा नोकरीत गेली. वाड्यात दिवाणजी राहिला, मग नुसता राखणदार, मग कोणीच नाही.

जैन घराण्यांच्या बाबतीत सरकारी कागदांखेरीज आणखी एक साधन आहे, ते म्हणजे मूर्तिलेख. प्रतिमेच्या पादपीठावर संवत, भट्टारकांचे नाव, ज्ञाती, गोत्र व प्रतिष्ठा करविणाऱ्याचे कुटुंब कोरलेले असते. नागपूरचे डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भट्टारक संप्रदाय' या ग्रंथात असे शेकडो लेख एकत्र केले. विदर्भातील कोणाही संशोधकाने सुरुवात तेथूनच करावी. मात्र दोन ठिकाणी सावध राहावे लागते. लेखातील वर्ष शकाचे की विक्रम संवताचे, हे आधी ठरवावे. शकात ७८ मिळवावयाचे व संवतातून ५७ वजा करावयाचे असतात. गल्लत झाली की घराणे एकदम १३५ वर्षांनी पुढे-मागे सरकते. दुसरे असे की, संवत १५४८ मध्ये जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते प्रतिष्ठित केलेल्या प्रतिमा देशभरातील दिगंबर मंदिरांत पोहोचल्या आहेत. घरच्या देव्हाऱ्यात अशी प्रतिमा निघाली म्हणून आपले पूर्वज पाचशे वर्षांपूर्वी येथे होते, असे सिद्ध होत नाही.

या जुन्या लेखांत पत्नीचे नाव आवर्जून येते. अमुक श्रेष्ठी, त्याची भार्या अमुक, त्यांचे पुत्र अमुक, असा क्रम असतो. अलीकडच्या छापील वंशावळीत मात्र बायकांची नावेच गळतात. चारशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने जे केले, ते छापखान्याच्या काळात होऊ नये, हे नवल आहे.

सर्वांत बोलका कागद मात्र घरातच असतो. रोकड, नक्कल आणि खातेवही! दिवाळीला पूजन झालेली प्रत्येक वही संवत घालून सुरू होते, म्हणून कालनिश्चिती सोपी जाते. कापड कोठून आले, हुंडी कोणावर लिहिली, लग्नात किती खर्च झाला, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत किती धान्य बाहेर गेले आणि ते दान म्हणून गेले की वाढीदिढीने, हे सारे तेथे असते. बुंदेलखंड, मारवाड, गुजरातेतून आलेली अनेक घराणी व्यापारातून सावकारीत आणि सावकारीतून जमिनीत आली. तेव्हा वाड्याची काही शेते गहाणखतातून आलेली निघतील. १९३३ च्या कायद्यान्वये मध्य प्रांतात कर्ज तडजोड मंडळे नेमावी लागली, ती उगीच नव्हे. 'कूळ' हा शब्द मराठीत घराण्यालाही लागतो आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही. वाड्याच्या वहीत दोन्ही कुळे समोरासमोर बसलेली असतात. मंदिराला दिलेली देणगी छापावयाची आणि गहाणाचे पान दुमडून ठेवावयाचे, अशी स्मरणिकांची रीत पडली आहे. सत्य हे अणुव्रत असेल, तर ती योग्य नाही.

अडचण वेळेची आहे. जुन्या वह्यांपैकी कित्येक मोडी, महाजनी किंवा गुजराती लिपीत आहेत आणि ती वाचणारे हात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. वाडा विकताना वह्या रद्दीत किलोने जातात. ट्रस्टने निदान एक कपाट, एक मोडी वाचक आणि छायाचित्रे काढणारे दोन तरुण एवढी व्यवस्था केली, तर येत्या चातुर्मासात काम सुरू होऊ शकते. घराघरांतील ऐंशी ओलांडलेल्या आजींकडे आधी जावे. वाड्यात सून म्हणून आलेल्या त्या, कोठीची किल्ली कोणाकडे असे आणि कोणत्या खोलीत वह्या रचलेल्या होत्या, हे त्यांनाच ठाऊक आहे.