गोरोंगोसाच्या बिनसुळ्यांच्या हत्तिणी

लढायांच्या बखरींत राजांची, सेनापतींची आणि उद्ध्वस्त गांवांची नोंद असते. रानांतल्या मुक्या जनावरांचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. मोझांबिकमधील गोरोंगोसाच्या अरण्यांत मात्र यादवीची नोंद हत्तींच्या देहावरच उमटली आहे.

मोझांबिक हा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील देश. १७५२ सालापर्यंत तेथला पोर्तुगीज कारभार गोव्याहून चाले. देशाच्या मध्यभागीं, उरेमा सरोवराभोंवतीं पसरलेलें गोरोंगोसाचें रान १९२० सालीं शिकारीकरितां राखून ठेवण्यांत आलें आणि १९६० सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें. १९७२ च्या सुमारास तेथें २,५०० हत्ती होते.

१९७५ सालीं देश स्वतंत्र झाला. पण दोनच वर्षांत यादवी पेटली, ती १९९२ पर्यंत शमली नाहीं. १९८१ सालीं उद्यानाच्या चितेंगो येथील ठाण्यावर हल्ला झाला आणि १९८३ सालीं उद्यान बंद पडलें. दोन्ही पक्षांच्या सैनिकांनीं मांसासाठीं आणि हस्तिदंतासाठीं जनावरें मारलीं. दहांतले नऊ हत्ती नाहींसे झाले.

आफ्रिकेंत हत्तिणीलाही मोठे सुळे असतात. उपजतच सुळे नसलेल्या हत्तिणी थोड्या; पण हस्तिदंताच्या लोभ्यांना त्यांचा उपयोग नसल्यानें त्याच अधिक वांचल्या. युद्धापूर्वीं त्यांचें प्रमाण शेंकडा १८ च्या आसपास होतें, तें युद्धांतून उरलेल्या हत्तिणींत शेंकडा ५१ झालें. युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांतही तें शेंकडा ३३ भरलें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असें दिसतें कीं, हा गुण आईकडून लेकीकडे येतो. नर-गर्भाला मात्र तो बहुधा घातक ठरतो.

२००८ सालीं मोझांबिक सरकारनें ग्रेगरी कार या अमेरिकन गृहस्थाच्या संस्थेशीं वीस वर्षांचा करार केला. रानम्हशी बाहेरून आणल्या गेल्या. २०१८ सालीं रानकुत्रे सोडण्यांत आले. त्याबरोबरच भोंवतालच्या खेड्यांत शिक्षण व आरोग्य यांचीं कामें आणि डोंगरावर कॉफीची लागवड सुरू झाली. कारण उपाशी वस्तीच्या शेजारीं रान टिकत नाहीं. पुन्हां उसळलेला सशस्त्र कलह मिटविणारा करारही ऑगस्ट २०१९ मध्यें याच उद्यानांत झाला.

आतां तेथें जाणाऱ्या प्रवाशाला कुरणांवर हरणांचे मोठाले कळप दिसतात. युद्ध पाहिलेली एखादी वृद्ध हत्तीण मोटारीची चाहूल लागतांच अजून बिथरते. तिला सुळे नाहींत. पण तिच्या लेकींपैकीं एखादीच्या तोंडाशीं ते पुन्हां दिसूं लागले आहेत.